दोन माणसांचे शिरवाळे

एसी बंद झाले की आमच्या कॅम्पात हिवाळा आला असं समजायचं. दुसरी खूण नाही. इथे झाड नाही की पान गळेल, शेत नाही की कापणी होईल. वर्षातले बहुतेक महिने प्रत्येक खोलीच्या पाठीला एसी घरघरत असतो आणि त्या घरघरीत माणूस बहिरा होऊन जगतो. मग एका सकाळी उत्तरेचा वारा सुटतो. कोणीतरी एसी बंद करतो, त्याचं बघून दुसरा करतो, आणि खोल्यांची सगळी रांग गप्प होते. मग ऐकू यायला लागतं. कोणाचा खोकला, कोणाचं फोनवरचं भांडण, लांबचा समुद्र.

या आठवड्यात एसी बंद झाले. मी खाटेवर बसून कान लावले, पलीकडच्या खोलीतून सुरीचा आवाज येतो का बघायला. येणार नाही हे माहीत होतं. तरी बसलो.

मी दत्ताराम, पाइप फिटर. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात बंदच. जेद्दाच्या वर, समुद्राच्या कडेला किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी नावाचं नवं शहर आहे, तिथल्या बंदराच्या पाइपलाइनीवर काम करतो. लिहायची सवय नाही. पण हे लिहितोय, कारण डोक्यात ठेवून फिरायचा कंटाळा आला.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी बायको गेली. शेवंती. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिचे दिवस केले आणि परत आलो. लोक म्हणाले, एवढ्यात कशाला गेलास? घरी बसून काय करणार होतो? तिच्या चुलीकडे बघत? इथे निदान सकाळी भोंगा वाजतो आणि पायात बूट घालावे लागतात. हिवाळ्यात पाइप हाताला गार लागतो. उन्हाळ्यात तोच पाइप हातमोज्यातून भाजतो. मला त्या गारपणाचाही राग यायचा. तिला गारवा आवडायचा, म्हणून.

जेवण जात नव्हतं. मेसचं वरण ताटात ओतायचं, बघायचं, टाकून द्यायचं. माझ्या खोलीत हसन आहे, रत्नागिरीच्या खाडीकडचा, क्रेन चालवतो. तो दोन-चार दिवसांनी बोलला, "दत्तादा, मरायचं असेल तर गावी जाऊन मर. इथून मयत पाठवायला कागद किती लागतात माहीत आहे ना?" हसनचं प्रेम असंच. पण तरी घास उतरत नव्हता.

मग गेल्या वर्षीही अशाच एका सकाळी एसी बंद झाले आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टक टक टक टक. लाकडावर सुरी. एवढा एकसारखा की मला आधी मशीन वाटलं. मी उठून गेलो.

पलीकडे चिनी वेल्डर राहायचे. त्यातला एक म्हातारा होता, लिऊ. माझ्याच वयाचा, दाढी नाही म्हणून तरुण दिसायचा. साइटवर आम्ही एकाच पाइपला लागलेलो, मी जोडायचं आणि त्याने आर्गनचं वेल्डिंग मारायचं, पण कधी बोललो नव्हतो. बोलणार कशात? तो खाली बसून फळीवर आलं कापत होता. माझ्याकडे बघितलं, सुरीने स्टूल दाखवलं. मी बसलो. तो रांगेच्या टोकाच्या स्वयंपाकघरात गेला, मी मागून गेलो. कोंबडीच्या हाडांचं पाणी उकळत होतं. त्यात चक्रीफूल आणि दालचिनी. तो वास आला आणि मला कित्येक दिवसांनी भूक लागली.

मग त्याने उकळत्या पाण्यातून पांढऱ्या दोऱ्यांची गुंडी उचलली आणि वाटग्यात टाकली. मी उभाच राहिलो. "शिरवाळे," मी म्हणालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाच्या ओल्या शेवया. आमच्याकडे मालवणच्या बाजूला करतात आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात. लिऊच्या शेवया जेद्दाच्या चिनी दुकानातल्या होत्या, सुकवलेल्या. पण जात तीच. मी हाताने विचारलं, कशाच्या? त्याने तांदळाचा डबा उघडून दाखवला.

लिऊच्या गावी हे रोजचं जेवण. बायको सकाळी करते. त्याने फोनवर फोटो दाखवला. पांढऱ्या शेवया, वर मांसाचे पातळ काप, कापांच्या कडेला चरबीची पट्टी, शेंगदाणे, कांद्याची पात, आंबवलेल्या शेंगा. मांस कसलं ते मला कळेना. तेव्हा त्याने नाकातून डुकराचा आवाज काढला. तेवढ्यात हसन तवा घ्यायला आत आला. "तोबा!" तो म्हणाला. "दत्तादा, याला सांग, माझ्या तव्याकडे बघून असले आवाज काढू नको." लिऊ खो खो हसला आणि पुन्हा काढला.

सौदीत डुक्कर मिळत नाही. मिळणारही नाही. गाईचं मिळतं, ते मी खात नाही. म्हणून लिऊने माझ्यासाठी कोंबडी शिजवली. पण एक गंमत केली, आणि ती त्याची रोजचीच गंमत होती हे मला पुढे कळलं. कोंबडीचे तुकडे वाटग्याच्या एका बाजूला लावले, शेंगदाणे दुसऱ्या बाजूला, पात तिसऱ्या. मधे शेवयांवर थोडी जागा मोकळी ठेवली. मी कोंबडीचा तुकडा तिथे सरकवायला गेलो तर त्याने जेवायच्या काडीने माझा चमचा बाजूला सारला. "नो, सदीक. पिग प्लेस." सदीक म्हणजे दोस्त, इथे सगळे एकमेकांना तेच म्हणतात. मग हात उडवून म्हणाला, "सौदी, नो पिग. खलास." आणि वाटग्यात तोंड घालून असा फुरफुरत जेवला की रसाचे थेंब त्याच्या भुवयांवर उडाले.

मी खाल्लं. सगळं खाल्लं. रसही प्यालो.

त्या मोकळ्या जागेवर मी पुढे पुष्कळ विचार केला. मला तोवर ज्याने त्याने शेवंतीची जागा भरायला सांगितली होती. नाव घे, जप कर, टीव्ही घे, मुलाकडे जा. हा एकटाच निघाला ज्याने काही भरलं नाही. जे नाही ते नाही. कोंबडीला डुक्कर म्हणायचं नाही. पण वाटगाही परत करायचा नाही. गरम आहे तोवर खायचं.

डुक्कर आम्हाला नवीन नव्हतं, हेही सांगतो. मी तरुण असताना रानडुकरं आमचं भात लोळवायची. कधी कोणी मारलं तर वाटा घरोघर यायचा. आता कायदा आहे, आता कोणी मारत नाही, निदान सांगत नाही. तर तो वाटा आला की शेवंती दारात उभी राहायची. "ह्या माझ्या चुलीर चढूचा नाय." मग आम्ही पुरुष मागच्या फणसाखाली तीन दगड मांडायचो, त्याचा वेगळा काळा टोप होता तो चढवायचो आणि पानावर जेवायचो. ती जवळ यायची नाही. पण मागच्या पायरीवर शिरवाळ्यांचं ताट आणून ठेवायची आणि लांबून ओरडायची, "घेवा. नुसता मटान खातलात काय?" म्हणजे लिऊचं जेवण मी फणसाखाली जेवलो होतो. हे मी त्याला सांगायचा प्रयत्न केला. फणस सांगता येईना. डुक्कर आणि शेवया एवढं त्याला कळलं. तो इतका खूश झाला की मला मिठी मारली.

शेवंतीला शिरवाळे जिवापाड आवडायचे. पण शिरवाळ्यांना दोन माणसं लागतात. एकाने लाकडी साचा दाबायचा, दुसऱ्याने खाली ताट धरायचं आणि फिरवत राहायचं. म्हणून ते माझ्या सुट्टीतच व्हायचे. मी इथे असलो की दाबणार कोण? मी गेलो की पहिल्या सकाळी हाक यायची, "ओ, येवा हय." मी दाबायचो. ती खाली ताट फिरवायची आणि बोलायची. "दाबा वायच जोरान. थय जेवक देयनत नाय काय?" म्हणजे तिथे जेवायला देत नाहीत का. कितीही दाबलं तरी साच्याच्या तळाशी थोडं पीठ उरतं. शेवटी ती ते बोटाने काढून तिथल्या तिथे तोंडात टाकायची. "ही माझी मजुरी," म्हणायची. मी एकदा बोट घातलं तर हातावर चापट बसली. "दाबतल्याक गावणा नाय. ह्या धरतल्याचा." म्हणजे दाबणाऱ्याला मिळत नाही, हे ताट धरणाऱ्याचं.

गेल्या हिवाळ्यात मला शिरवाळ्यांचं वेड लागलं. सुकवलेले नकोत, ओले पाहिजेत. शुक्रवारी हसनच्या गाडीतून आम्ही तिघे जेद्दाच्या शराफिया बाजारात गेलो. तिथे आपल्याकडचं काय मिळत नाही? नारळ, गूळ, वेलची, तांदळाचं पीठ. साचा तेवढा मिळाला नाही. लिऊ म्हणाला, "वी मेक." आम्ही दोघे आयुष्यभर पाइपात राहिलेली माणसं. स्टीलच्या पाइपचा भंगारातला एक तुकडा घेतला. खाली जाडी चकती, तिला भोकं पाडली. वर जुन्या व्हॉल्व्हचा स्क्रू आणि त्याचं गोल चाक. लिऊने वेल्ड असं मारलं की बोट फिरवलं तर जोड कळू नये. फोरमन विचारायला आला, हे कोणत्या लाइनचं? हसन म्हणाला, "नाश्त्याच्या."

पहिला साचा फसला, भोकं मोठी झाली. हसनने बघितलं आणि म्हणाला, "ही गांडुळं कोण खाणार?" चकती बदलली. मग पीठ फसलं. मी पीठ मळलं, साच्यात भरलं, उकळत्या पाण्यावर दाबलं. पाण्यात पडल्या पडल्या त्याची पेज झाली. तिघे भांड्यात बघत उभे राहिलो. "कोण आजारी आहे?" हसन म्हणाला.

त्याचं कारण साधं होतं. शेवंती मला हाक मारायची ती शेवटी. दाबायच्या वेळेला. त्याच्या आधी ती काय करायची ते मी कधी बघितलंच नव्हतं. आमच्या गावातल्या कुठल्याही बाप्याला विचारा. सगळ्यांना शिरवाळे दाबता येतात, करता कोणालाच येत नाहीत.

लिऊने बायकोला फोन लावला. चित्रात एक जाड बाई आली, तिच्या मागे कोंबड्या. तिने पेज बघितली आणि जी ओरडायला लागली! तिचा एक शब्द आम्हाला कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. लिऊ मान खाली घालून उभा, मीही उभा. मग ती आत गेली, पीठ घेऊन आली, आणि मुठीने करून दाखवलं. पिठाचे गोळे करायचे. गोळे आधी उकळत्या पाण्यात सोडायचे. वरून शिजले, आतून कच्चे, की काढून गरम असतानाच पुन्हा कुटायचे. मग साचा. आणि मला एकदम आठवलं, शेवंतीचे तळहात. मी दाबायला बसायचो तेव्हा ते लाल असायचे. मला वाटायचं, चुलीजवळ बसते म्हणून.

त्या दिवशी शिरवाळे उतरले. मी चाक फिरवलं, लिऊने ताट धरलं. त्याने अर्धे कोंबडीच्या रसात घेतले, मधे जागा सोडून. मी नारळाच्या रसात. त्याने माझं चाखलं आणि तोंड वाकडं केलं. नूडल्स गोड? मी त्याचं चाखलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. साच्याच्या तळाशी उरलेलं पीठ मी त्याच्यापुढे केलं. धरणारा तो होता.

हिवाळा असा गेला. दर शुक्रवारी. फार काही झालं नाही. दोन म्हातारे फुरफुरत जेवले, तिसरा नावं ठेवत त्यांच्याबरोबर जेवला. पण मी जगलो तो त्याच्यावर, हे मला माहीत आहे. ईदनंतर लिऊचं काम संपलं, तो गेला. जाताना साचा माझ्या खाटेखाली सरकवून गेला. मग उन्हाळा आला, एसी लागले, आणि पुन्हा काही ऐकू येईनासं झालं.

आता माझंही काम संपत आलं. इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपली की या वेळी कायमचं जायचं. मुलगा महेश पनवेलला असतो. गेल्या महिन्यात फोनवर त्याने सगळं ठरवूनच सांगितलं.

"बाबा, तुम्ही सरळ पनवेलला या. गावचं घर बंद करून टाकू."

"मी घरी राहणार."

"एकटे? बाबा, तुम्हाला चहा तरी करता येतो का?"

"शिरवाळे करता येतात."

तो हसला. "शिरवाळ्यांना दोन माणसं लागतात, बाबा. आई गेली."

मुलगा वाईट नाही. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. मी म्हणालो, "आईच्या वर्षश्राद्धाला मी इथे शिरवाळे करतो. एकटा. झाले तर मी घरात राहणार. नाही झाले तर तू म्हणशील तिथे येईन, तुझ्या सोफ्यावर बसेन आणि एक शब्द बोलणार नाही." तो म्हणाला, "बरं." त्याला वाटलं, संपलं.

मी मागच्या शुक्रवारी करून बघितलं. नाही जमलं. उजव्या हाताने चाक फिरवायचं आणि डाव्याने ताट फिरवायचं. डावा हात माझा ऐकेना. ताट थांबलं की शेवया एका जागी ढीग होऊन चिकटतात. चाक थांबलं की तुटतात, आणि तेवढ्यात गोळा गार होतो, मग दगड. हसन दारात उभा होता. "दत्तादा, मी धरतो ना. तुझ्या मुलाला कोण सांगतंय?"

"हात लावू नको."

"म्हातारपणी माणसाला एवढी मस्ती बरी नाही."

"मग बघू नको."

तो गेला नाही. बघत राहिला. तुकडे आम्ही दोघांनी चमच्याने खाल्ले. आठवडाभर मी साइटवर, बसमध्ये, जेवताना डावा हात फिरवत होतो. लोक बघायचे. बघू देत. पाइप जोडताना दोन हातांना दोन कामं मी आयुष्यभर दिली आहेत. हे वेगळं काय असणार आहे?

तिथी यंदा शुक्रवारी आली, सुट्टीच्या दिवशी. म्हणजे आज. सकाळी आंघोळ केली. गावी महेश घरी आलेला, भटजी बसलेले. इथे खिडकीतून वारा येत होता आणि कॅम्पाबाहेरच्या कुंपणावर कावळे बसले होते. या किनाऱ्यावर कावळे पुष्कळ, सगळे आपल्यासारखेच कुठून कुठून आलेले. मी त्यांना पान मांडलं नाही. ते काम मुलगा तिकडे करत होता. माझं काम निराळं होतं.

गोळे केले. उकळले. काढून कुटले. तळहात भाजले, लाल झाले. साचा टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळला. आणि मग जे मला मागच्या आठवड्यात सुचलं नव्हतं ते केलं. ताट हातात घेतलंच नाही. बादली पालथी घातली, तिच्यावर बसलो, ताट दोन गुडघ्यांवर ठेवलं. उजवा हात चाकावर. डावा हात ताटाच्या काठावर, नुसता लोटायला. बसल्यावर लक्षात आलं, शेवंती अशीच बसायची. तिचंही ताट मांडीवरच असायचं. मी वरून दाबताना मला तिचा फक्त भांग दिसायचा.

पहिली तार उतरली. तुटली. हसनने दारात श्वास घेतला. दुसरी उतरली आणि उतरत राहिली. मी ताट लोटत राहिलो. पांढरी गोल गुंडी, तिच्यावर दुसरी. चाक जड झालं, खांद्यातून कळ आली, थांबलो नाही. थांबलो तर तुटणार हे ठाऊक होतं. "दाबा वायच जोरान," मी मोठ्याने म्हणालो. हसन म्हणाला, "काय?" मी म्हणालो, "तुला नाही."

ताट भरलं.

महेशला फोन लावला. त्याने ताट बघितलं, साचा बघितला, गुडघे बघितले. मग म्हणाला, "हसनकाका, धरलं कोणी? खरं सांगा."

हसन फोनपुढे आला. "अल्लाची शपथ, मी नुसता शिव्या खायला उभा होतो."

महेश स्वयंपाकघरातून बोलत होता. त्याच्या पाठीमागे आमची चूल दिसत होती. सारवलेली, आज पेटवलेली. तो मागे वळून तिच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "पावसाच्या आधी लाकडं भरून ठेवतो, बाबा. मागच्या खोपीत. तुम्हाला वाकायला लागू नये अशी रचतो."

"फणसाची नको," मी म्हणालो. "धूर करतात."

"माहीत आहे."

फोन ठेवला. तीन वाटगे काढले. एक हसनला, नारळाच्या रसाचा. एक शेवंतीचा, त्यालाही रस, तो खिडकीत ठेवला. माझ्या वाटग्यात मी कोंबडीचा रस घेतला, पात टाकली, शेंगदाणे टाकले, आणि मधे जागा सोडली. फोटो काढून लिऊला पाठवला. उलट फोटो आला. त्याचा वाटगा, मधोमध डुकराचे काप, जागा गच्च भरलेली. म्हाताऱ्याने मला चिडवलं. बरं वाटलं.

जेवून झाल्यावर साचा धुवायला घेतला. चाक उलटं फिरवून काढलं. तळाशी नेहमीसारखं थोडं पीठ उरलं होतं, अजून कोमट. मी ते हातात धरून उभा राहिलो. खिडकीत ठेवलेल्या वाटग्याकडे नेलंही. मग थांबलो. तिचा कायदा तिनेच केला होता, आणि ती कायद्यात कोणाला सवलत द्यायची नाही. धरणाऱ्याचं ते.

आज धरलं मी होतं. बोट घातलं आणि खाल्लं.